ऊन पाण्यातले शब्द

कोणी ऐकत नाही अशा विश्वासाने मनुष्य जे बोलून जातो, ते शब्द कोणाचे मानावेत? बोलणाऱ्याचे, की ज्याला ते अनायासे कळले त्याचे? वाटेत सापडलेली वस्तू धन्याला परत करावी हे प्रत्येक घरात शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या वस्तूवर आपलेच नाव कोरलेले असेल, तर? हा प्रश्न श्रीरंजनीपुढे एका रविवारी सकाळी, ती गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसलेली असताना उभा राहिला. तिने तो कसा सोडवला हे सांगण्याआधी, ती त्या पाण्यापर्यंत कशी आली ते सांगितले पाहिजे.

तिचे वडील अनंतराव हे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. घराणे मूळचे तंजावरचे. मराठी बोलताना त्यांच्या वाक्याचा शेवट तमिळसारखा वर चढे, आणि रागावले की ते अख्खेच्या अख्खे तमिळमध्ये जात. गुडघे दुखू लागले तेव्हा वैद्यांनी त्यांना ऊन खनिजजलात बसण्याचा सल्ला दिला. शहराच्या टोकाला तिरुवान्मियूरच्या पुढे, किनाऱ्याच्या रस्त्यावर, एका हॉटेलात तशी सोय होती : रविवारी सकाळी कुंडात स्नान, आणि त्यानंतर दुपारपर्यंत निवांत चालणारा ब्रंच.

"न्याहारी म्हणावी तर उशीर, जेवण म्हणावं तर घाई," अनंतराव म्हणाले होते. "पण आधी आंघोळ, मग अन्न, एवढा क्रम तरी त्यांना कळतो की. सरी, ठीक आहे, जाऊ."

ऊन पाण्याची आंघोळ म्हटल्यावर अंगाला तेल हवेच, हे त्या घरात कोणाला सांगावे लागत नसे. म्हणून पहिल्या रविवारी अनंतराव टाळूपासून घोट्यापर्यंत तिळाचे तेल चोपडून कुंडापाशी पोहोचले आणि तिथल्या रम्या नावाच्या व्यवस्थापिकेने त्यांना दारातच अडवले.

"सर, तेल लावून पाण्यात उतरता येणार नाही."

"मग आंघोळ कशाची करायची? कोरड्या अंगाची?"

श्रीरंजनी लाजून खाली बघत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "मामा, मलाही हाकललं आहे. या, दोघं मिळून उभं राहू."

तिने वळून पाहिले. खांद्यावर पंचा टाकलेला एक तरुण उभा होता... कपाळावरून तेलाचा ओघळ थेट भुवईत उतरलेला, आणि डोळे मिटू नयेत म्हणून चाललेली त्याची धडपड इतकी केविलवाणी, की श्रीरंजनीला हसू आवरेना.

"हसा," तो म्हणाला. "आईनं अर्धी बाटली ओतली. मला पाण्यात सोडणार आहेत की कढईत, तेच कळत नव्हतं."

"मराठी!" अनंतराव आनंदाने ओरडले. "आपल्यातला दिसतो! नाव काय रे?"

"अद्वय. आणि मामा, माझ्या पिशवीत शिकेकाई आहे. अर्धी तुम्हांला."

त्या अर्ध्या पुडीवर अनंतरावांनी त्याला घरचा मानून टाकले. दोघे अंग चोळून, निर्मळ होऊन कुंडात उतरले, आणि स्नानानंतर तिघे एकाच मेजावर जेवायला बसले. तो एन्नोरच्या औष्णिक वीजकेंद्रात अभियंता होता. हे ऐकताच श्रीरंजनी म्हणाली, "आठवडाभर वाफ, आणि रविवारीही वाफच?"

"तिथली वाफ कामाची असते. इथली कोणाच्याच कामाची नाही, म्हणून येतो."

त्याने एन्नोरच्या त्या दालनाचे वर्णन केले. यंत्रांचा घोष इतका, की शेजारच्या माणसाची हाकही पोहोचत नाही. माणसे ओठ मोठे हलवून आणि हातांनी खुणा करून बोलतात. "आणि एक सुख आहे," तो म्हणाला. "मनात साचलेलं यंत्राकडं तोंड करून मोकळेपणानं बोलून टाकावं. कोणाला कळत नाही. माझी तर सवयच झाली."

श्रीरंजनीनेही मग केस मागे सारून त्याला आपली श्रवणयंत्रे दाखवली. ती हे नव्या माणसाला लगेच दाखवत असे, कारण लपवण्याचे फळ तिने एकदा चाखले होते. "पाण्यात उतरताना ही काढून ठेवते. तेव्हा हाक मारू नका, मला ऐकू येणार नाही. एका स्थळानं मला सांगितलं होतं, 'मी चालवून घेईन.' त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. चालवून घेणारी माणसं मला चालत नाहीत."

अद्वयने पोंगलची वाटी तिच्या बाजूला सरकवली.

एक गोष्ट मात्र तिने सांगितली नव्हती... सांगण्याचा प्रसंगच आला नव्हता. यंत्रे मिळण्यापूर्वी, अगदी लहानपणी, आईने तिला समोर बसवून, तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून, एकेक शब्द ओठांवरून वाचायला शिकवला होता. ते शब्द घरातले होते. तमिळ तिला पुढे कानांनी मिळाली. मराठी तिच्या डोळ्यांत होती. नुंगंबाक्कमच्या कार्यालयात नकाशे काढताना सहकाऱ्यांच्या ओठांवरून तिला जेमतेम अर्थ लागे. पण वडील खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्वतःशी पुटपुटले, तरी तिला अक्षरन् अक्षर कळत असे.

तमिळ पंचांगातल्या मार्गळी महिन्याचे रविवार गेले, पुढचा तै महिना लागला. प्रत्येक रविवारी तेच तिघे, तेच कुंड, तेच मेज. अनंतरावांचे गुडघे सुधारले की नाही याबद्दल मतभेद होता. पण शनिवारी रात्री पिशवी भरून दाराशी ठेवणारी आता मुलगी होती, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

त्या रविवारी पहाटवारा गार होता. सूर्य समुद्रातून नुकताच वर आला होता, आणि कुंडावरचे बाष्प त्याच्या किरणांनी सोनेरी होऊन हळूहळू वर चढत होते. श्रीरंजनीने यंत्रे डबीत ठेवली. समुद्राची गाज, पाखरे, पायऱ्यांवरची पावले, सगळे एकाएकी थांबले; जणू कोणी गाभाऱ्याचे दार लोटून घेतले. ती पाण्यात उतरली. ते ऊनपण पावलांतून पोटऱ्यांत, पाठीत, मानेपर्यंत आले, आणि दर वेळेप्रमाणे तिच्या मनात नकळत नमस्कार उमटला. माणसाला जन्मापूर्वी जे सुख मिळते आणि पुढे आठवत नाही, ते असेच असेल का?

पलीकडे अनंतराव दगडी मुखातून पडणाऱ्या धारेखाली डोळे मिटून बसले होते. कुंडात या तिघांखेरीज कोणी नव्हते. अद्वय समोरच्या काठाशी होता, वाफेच्या पडद्याआड, तिच्याच दिशेने तोंड करून. तिचेही डोळे दर रविवारप्रमाणे मिटलेले असतील, असे त्याने धरले असावे. पण त्या दिवशी ते उघडे होते. वाऱ्याची एक झुळूक आली, वाफ बाजूला झाली... आणि त्याचे ओठ हलताना तिला दिसले. यंत्रांच्या दालनात घडलेले ते ओठ, प्रत्येक शब्द पूर्ण उघडून दाखवणारे.

"पुढल्या रविवारी मी येणार नाही, श्रीरंजनी. आई कुंभकोणमची मुलगी बघायला नेते आहे. नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण तुम्ही आहात. पण तुम्हांला विचारायचं कसं? मी काहीही बोललो तरी तुम्हांला ती दया वाटेल. तुम्ही चहा पाजून मला परत पाठवाल... सहा दिवस कानांत तो घोष असतो. तुमच्यासमोर बसलो की तो थांबतो. एवढंच. जाऊ दे... पाण्या, तू ऐक."

वाफ पुन्हा मिटली.

श्रीरंजनी हलली नाही. कोणी आपल्याला इतके... आणि इतक्या हळुवारपणे, की ते आपल्याही कानी पडू नये अशी काळजी घेऊन! देवळात अचानक पडदा सरकून मूर्ती समोर दिसावी, आणि आपण तयारच नसावे, तशी तिची अवस्था झाली. आनंद होता, त्याहून मोठा संकोच होता. हे तिला दिलेले नव्हते. तिने ते घेतले होते.

ब्रंचच्या मेजावर आप्पम आले, इडियाप्पम आले, पपईच्या फोडी आल्या, कॉफीचा सुगंध दरवळला. अनंतराव पुरणपोळी कोण लाटतो ते पाहायला आचाऱ्याकडे गेले, आणि त्याला पुरणातल्या वेलदोड्याविषयी उपदेश करू लागले. मेजावर दोघेच उरले.

अद्वयने कॉफी खोलगट वाटीसारख्या डबऱ्यातून पेल्यात ओतली, पेल्यातून पुन्हा डबऱ्यात. "पुढल्या रविवारी... कामावर माझी पाळी आहे. यायला जमणार नाही."

आता बोलावे, की गप्प राहावे? गप्प राहिले तर तिच्यावर कसलाही दोष येणार नव्हता. तो कुंभकोणमला गेला असता, ती घरी आली असती, आणि त्याचे गुपित त्याच्यापाशीच राहिले असते. बोलले तर त्याची लाज उघडी पडणार होती, आणि तिची चोरीही.

"खोटं बोलताना तुमचे ओठ नीट उघडत नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला ओठ वाचता येतात. मराठीच, पण ती पुरेपूर. हे मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. मघाशी पाण्यात तुम्ही बोललात, ते सगळं मी वाचलं. डोळे फिरवता आले असते. फिरवले नाहीत. क्षमा करा."

अद्वयचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कानापर्यंत लाल.

"सगळं?"

"कुंभकोणम. आई. चहा. आणि... घोष थांबतो, ते."

त्याने पटकन हातरुमाल तोंडावर धरला. "अय्यो! आता मी असंच बोलू का?"

"बोला. आता कानांत यंत्रं आहेत."

तो रुमालामागून हसला, आणि ते हसू डोळ्यांतून दिसले. मग त्याने रुमाल खाली ठेवला. "रागावला नाहीत?"

"तुमच्यावर कशाला? रागावायचा हक्क तुमचा."

"आणि... दया वाटली नाही?"

"दया करणारा माणूस इतका घाबरत नाही."

खालून समुद्राची गाज येत होती.

"मी आईला सांगतो," तो शेवटी म्हणाला. "कुंभकोणमला जायचं नाही."

"माझ्यासाठी नाही म्हणू नका. त्या मुलीसाठी म्हणा. मनात दुसरी घेऊन तुम्ही तिच्या घरची ओटी चढणार, ती नटून समोर येऊन बसणार... तिचा काय अपराध? माझं उत्तर काय असेल ते तुम्हांला ठाऊक नाही. मी 'नको' म्हटलं, तरी तुम्ही तिकडं जाऊ नये."

"आणि तुम्ही 'नको' म्हणणार?"

"आधी फोन करा."

त्याने फोन काढला. कठड्याजवळ जाऊन एकट्याने बोलावे इतपत मोकळी जागा तिथे नव्हती. सगळी मेजे भरलेली होती. श्रीरंजनीच्या ते लक्षात आले. तिने दोन्ही कानांतली यंत्रे काढली, मेजावर त्याच्या समोर ठेवली, आणि खुर्ची वळवून समुद्राकडे तोंड केले. जे तिने न विचारता घेतले होते, त्याची एवढीच भरपाई तिला करता येत होती.

समोर निळे पाणी क्षितिजापर्यंत पसरले होते. एक मासेमारीची होडी लाटेवर चढे, दिसेनाशी होई, पुन्हा वर येई. मागे एक पुत्र आपल्या मातेशी आयुष्यातले कदाचित सर्वांत अवघड बोलत होता, आणि तिने एकदाही मान वळवली नाही. वळवावीशी किती वाटली, ते तिचे तिलाच ठाऊक.

अखेर तिच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची सरकली. अद्वय येऊन बसला. त्याच्या तळहातावर तिची यंत्रे होती. तिने ती घातली.

"आई काय म्हणाल्या?"

"आधी रडली. मग रागावली. मग विचारलं, ती मुलगी तिखट खाते का."

श्रीरंजनीला हसू फुटले, आणि त्याबरोबरच डोळे भरून आले.

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, मला माहीत नाही. जन्मभर समोर बसून पाहावं म्हणतो. श्रीरंजनी... पाण्याला सांगितलं ते आता तुम्हांला सांगतो. माझ्याशी लग्न कराल?"

हे शब्द त्याने तिच्या हाती स्वतः ठेवले होते. ते घेण्यात आता कसलाच संकोच नव्हता.

"करीन," ती म्हणाली. "आणि तिखट मी खाते. आईंना कळवा."

इतक्यात अनंतराव पोळ्यांचे ताट सांभाळत परतले. मुलीचे ओले डोळे आणि तरुणाचा उजळलेला चेहरा त्यांनी पाहिला, ताट खाली ठेवले, आणि इतिहासाच्या मास्तराला शोभेल अशा सावकाशीने दोघांकडे आळीपाळीने बघितले.

"काय रे, माझ्या गुडघ्यांचं निमित्त करून हे चाललं होतं होय?"

"मामा, तुमच्याशी बोलायचंच होतं—"

"गरम आहेत तोवर खा. बोलणं पळून जात नाही." असे म्हणून त्यांनी पहिल्या पोळीवर तुपाची धार धरली आणि ती अद्वयच्या ताटात वाढली.

या दोघांच्या घरात बोललेले आणि न बोललेले, दोन्ही जपले जावो. त्या मातेचे अश्रू आनंदाचे होवोत, कुंभकोणमच्या त्या न पाहिलेल्या मुलीलाही तिच्या योग्यतेचा सोबती लाभो, आणि वृद्ध पित्याची पावले पुढची पुष्कळ वर्षे त्या ऊन पाण्याच्या पायऱ्या सुखाने उतरोत. शुभं भवतु.