रांजण बदलला कोणी?

बांग सोक्चुनने टेबलावर बिअरची बाटली ठेवली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मेंगबाई, माझ्या आईचा रांजण कुणीतरी बदललाय."

"आईंनी पाहिलं का कोणी बदलला ते?" दोकबेने वही उघडत विचारलं.

"वारली ती. गेल्या वर्षी."

दोकबेने वही मिटली. कोरियातल्या जोंजू शहरातल्या त्या दोन खोल्यांत मेंग सुकजा अकरा वर्षं लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधत होत्या, आणि अकरा वर्षं त्यांचा मदतनीस दोकबे भलताच प्रश्न विचारत होता.

सोक्चुन बस चालवायचा. आई त्या रांजणात चाळीस वर्षं तांदळाची दारू आंबवत असे. सगळे म्हणत, हिच्या हाताला चव आहे. वर्षश्राद्धाला तिच्यासमोर घरचं काहीतरी ठेवावं म्हणून त्याने बिअर करायचं पुस्तक आणलं, भांडीवाल्याकडून बंद पडलेल्या खाणावळीचं सुपाचं पातेलं मिळवलं आणि आईचा रांजण खाली काढला.

"पहिल्या खेपेला यीस्टची पुडी टाकायलाच विसरलो. तिसऱ्या दिवशी खिशात सापडली. धावत गेलो तर रांजणातला सातूचा काढा आपोआप उसळत होता. वास नाशपातीचा, अगदी आईच्या दारूचा. बाई, तिथेच खाली बसून नुसता बघत राहिलो."

"आणि दुसरी खेप?"

"चार दिवस ढिम्म. शेवटी पुडी टाकली, तेव्हा कुठे हे झालं."

मेंगबाईंनी बिअर ग्लासात ओतली. बुडबुडे भराभर वर आले. फेस मात्र धरला न धरला तोच विरून गेला.

"दोन्ही वेळा कृती तीच?"

"तीच. उलट दुसऱ्यांदा जास्त काळजी घेतली. पुस्तकातला पहिला नियम, स्वच्छता. नळीसुद्धा लख्ख केली. मला ठाऊक आहे हे कुणाचं काम. भांडीवाला गुक म्हातारा रांजण मागत होता. दहा दिवसांवर श्राद्ध आलंय. उद्या मी पोलिसात जातो."

"दोन दिवस थांबा," मेंगबाई म्हणाल्या.

मेंगबाई घरी पोहोचल्या तेव्हा सोक्चुनची बायको योनसिल मुळा चिरत होती. सुरी थांबली नाही.

"मी बदलला? ह्यांनी माझी मुळ्याची किमची फ्रिजबाहेर काढून तिथे बाटल्या मांडल्या. सगळी जास्तच आंबून वाया गेली. रागाच्या भरात मी तो रांजण फोडला असता. बदलत कशाला बसेन?"

"सासूबाई असताना रांजण धुवायचं काम कुणाकडे?"

"छे हो, हात लावू देतील तर शपथ. स्वतःच नुसत्या पाण्याने विसळायच्या. मला म्हणायच्या, तुझा हात तुझ्या मुळ्याला लाव."

गुक म्हातारा आपल्या दुकानात पातेल्यांच्या उतरंडीमागे बसला होता. "मागितला होता, खोटं कशाला बोलू? टकटक करून पाहिला. तशी माती आता कुणी भाजत नाही, श्वास घेते ती. पोरगा नाही म्हणाला, विषय संपला. आता मला चोर म्हणतो." त्याने फळीकडे बोट केलं. "पातेलं स्वस्तात दिलं म्हणून त्याने पहिल्या खेपेची बाटली दिली होती. उघडवेना. असली वस्तू एकट्याने प्यायची असते का?"

बाहेर आल्यावर दोकबे म्हणाला, "म्हाताराच, बाई. लिहून ठेवतो."

"पेन्सिलीने लिही," मेंगबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सोक्चुनच्या गच्चीवर बोलावलं. रांजण सकाळपासून पाण्याने भरून उन्हात ठेवला होता.

"सोक्चुन, बाहेरून हात फिरवा. आता बोटं चोळून वास घ्या."

"बुळबुळीत आहे. आणि... लिंबू."

"भांड्यांचा साबण. तुमच्या बिअरमध्ये बुडबुडे होते, फेस नव्हता. फेस मारायला साबणाचा अंश पुरतो. आणि श्वास घेणारी माती साबणही पिते, मग उन्हात घाम गाळावा तसा बाहेर टाकते. रांजण तोच आहे. नवा आणून ठेवणारा तो आधी साबणाने कशाला घासेल?"

सोक्चुनने बायकोकडे पाहिलं.

"तिच्याकडे बघू नका. रांजणाला पाण्याखेरीज काही चालत नाही हे घरात तिला एकटीलाच माहीत होतं, आणि तिला राग काढायचा असता तर सरळ फोडला असता. दोन खेपांच्या मध्ये पुस्तकातला पहिला नियम कोणी पाळला?"

सोक्चुनने बोटं पुन्हा हुंगली. "तीनदा घासला मी."

"आईच्या हाताची चव त्या मातीच्या छिद्रांत जिवंत होती. डोळ्यांना न दिसणारे जीव, चाळीस वर्षांचे. म्हणून तर पुडीशिवाय काढा उसळला."

"म्हणजे आईला मीच धुवून टाकलं."

"एक ठिकाण उरलंय. पहिल्या खेपेच्या बाटलीच्या तळाला गाळ असतो. तोही जिवंत असतो."

सगळे गुककडे वळले. म्हातारा रांजणाकडे बघत राहिला. "चोराकडे मागतोस?"

सोक्चुनने गच्चीच्या तापलेल्या फरशीला कपाळ टेकलं.

"ऊठ आता. गुडघे गेले तर बस कोण चालवेल?" म्हातारा म्हणाला. "चल, बाटली घेऊन येऊ."

गाळ सुपाच्या पातेल्यात, ताज्या काढ्यात घातला. साबण निघून जावा म्हणून रांजण महिनाभरासाठी पाण्यात बुडवून ठेवला. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पुन्हा जमले. मेंगबाईंनी झाकण उचललं. पांढरा, दाट फेस काठापर्यंत चढला होता आणि हलके हलके वर येतच होता. नाशपातीचा वास खोलीभर पसरला. दोकबेने वही काढून म्हाताऱ्याचं नाव खोडून टाकलं. इतकी वर्षं पुरावे पाहिलेल्या मेंगबाई झाकण हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

योनसिलने एप्रनला हात पुसले आणि पातेल्यासमोर मान लववली.

"आवाज नका करू," ती म्हणाली. "सासूबाई उठल्यात."