कोरडी भिक्षा

भंते पियरतन श्रीलंकेतून मुंबईला आले त्याला चार वर्षं झाली होती. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या त्या वस्तीत भिक्खूला मान भरपूर मिळतो, पण भिक्षा मागायची सोय नाही, हे त्यांना आल्याआल्याच कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात ते पात्र घेऊन दारोदार निघाले, तेव्हा भाऊरावांनी त्यांना वाटेतच गाठलं. भाऊराव म्हणजे वस्तीतलं वजनदार माणूस. महापालिकेतून निवृत्त झालेले, आणि विहाराचे पत्रे भर उन्हात स्वतः उभं राहून चढवून घेतलेले.

"भंते, भाकरी मागत फिरणं आमच्या बापजाद्यांच्या वाट्याला आलं होतं," ते म्हणाले. "ते आम्ही सोडलं. तुम्ही विहारात थांबा, जेवण आम्ही आणू. पण दारोदार नका फिरू. बघवत नाही."

भंतेंना ते पटलं. मग अशी तडजोड झाली की रोज सकाळी साडेदहाला ते विहाराच्या पायरीवर पात्र घेऊन उभे राहत आणि ज्या घराची पाळी असेल ते घर येऊन वाढत असे. त्यांचे स्वतःचे नियम दोनच. बारा वाजल्यानंतर अन्नाला शिवायचं नाही, आणि भिक्षा घेताना नजर पात्रावरून हलवायची नाही. वाढणारा कोण, गरीब की पैसेवाला, हे भिक्खूने बघू नये, म्हणून अकराव्या वर्षी गुरूंनी लावलेली ही सवय. वाढून झालं की ते दात्याला आशीर्वाद देत: तुझं आयुष्य वाढो, कांती वाढो, सुख वाढो, बळ वाढो. चाळीस वर्षं रोज म्हटलेले शब्द. ते म्हणायला आता डोकं लागत नव्हतं, जीभ आपली आपणच चालायची.

पंच्याऐंशी सालच्या वैशाख पौर्णिमेचा तो आठवडा. भंतेंच्या गावी, कुरुनेगलाजवळ, या दिवसांत घराघरावर कागदी कंदील लागतात आणि रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून जेवू घालतात. इथे मात्र सगळं चिडीचूप. एप्रिलची जयंती दणक्यात झाली आणि शाळांना सुट्टी लागताच वस्ती आपापल्या गावी, साताऱ्याकडे, नगरकडे निघून गेली. दहातल्या आठ दारांना कुलूप. नळाला पहाटे तासभर पाणी, मग दिवसभर नुसतं ऊन. दुपारी देवनारच्या डंपिंगवरचा धूर वाऱ्यावर येऊन पत्र्यांखाली बसून राहायचा. घरची आठवण माणसाला केव्हा गाठेल सांगता येत नाही. त्या आठवड्यात भंतेंना ती रोजच गाठत होती.

आठवडाभर जेवण भाऊरावांच्या घरून यायचं ठरलं होतं. ते, त्यांचा मुलगा धोंडिराम आणि सून मीरा, एवढेच मागे राहिले होते. मीराला आठवा महिना होता.

सोमवारी साडेदहाला पात्रावर एक हात आला. म्हाताऱ्या बाईचा, नुसत्या हाडांचा, भेगाळलेला. मनगटावर जुनं हिरवं गोंदण, सैल हिरव्या बांगड्या आणि करंगळी जरा वाकडी. हाताने एक ज्वारीची भाकरी आणि मूठभर भाजलेले चणे पात्रात ठेवले. हाताबरोबर फिनेलचा पुसट वास आला. भंतेंनी आशीर्वाद म्हटला. मान वर करेपर्यंत पायरी रिकामी होती. भाऊरावांनी कुणा शेजारणीला पाठवलं असेल, असं त्यांना वाटलं.

भाकरी इतकी कोरडी होती की घास घशाखाली उतरेना. वर ते दोन तांबे पाणी प्यायले, तरी तहान भागली नाही.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. भाकरी, चणे, आमटीचा थेंब नाही, पाण्याचा पेला नाही. पण हात मात्र सुधारत होता. बुधवारी भेगा बुजल्या होत्या, गुरुवारी त्वचेवर तुकतुकी आली, शुक्रवारी मनगट भरून हिरव्या बांगड्या घट्ट झाल्या. भंतेंना मनातून बरं वाटलं. बघा, दानाचं फळ! नको म्हटलं तरी माणसाला आपल्या आशीर्वादाचा थोडा अभिमान वाटतोच. शनिवारी, पौर्णिमेला, हात इतका जवळ आला की त्याची ऊब त्यांच्या बोटांना लागली. त्यांनी मोठ्या मायेने सहाव्यांदा ते शब्द म्हटले.

हात गेला, आणि पाच मिनिटांत धोंडिराम धावत वर आला. मरोळच्या कारखान्याला सुट्टी होती. हातात डबा, डोळे लाल.

"भंते, माफ करा. सहा दिवस तुम्हाला उपाशी ठेवलं. मीरा सोमवारपासून आजारी हाय. मला वाटलं आबा डबा देतात, आबांना वाटलं मी देतो. आत्ता कळलं... कुणीच नाय दिला."

"पण जेवण रोज आलं," भंते म्हणाले.

"कुणी आणलं?"

भंतेंनी पात्र पुढे केलं. धोंडिरामने भाकरी उचलून उलटसुलट करून बघितली. मग भंतेंनी हाताचं वर्णन केलं. गोंदण. करंगळी. धोंडिरामने डबा खाली ठेवला.

"आई..." तो हळूच म्हणाला. "आईची करंगळी गिरणीच्या पट्ट्यात सापडली होती. भंते, तिला जाऊन दीड महिना झाला."

सोनूबाईच्या अंत्यविधीला भंतेंनीच सूत्रं म्हटली होती. तो हात तेव्हा पांढऱ्या कापडाखाली होता, आणि त्याआधी त्या घरच्या पाळीला वाढायला नेहमी भाऊरावच यायचे.

ते धोंडिरामच्या मागोमाग उतार उतरले. भर अकराचं ऊन आणि गल्लीत चिटपाखरू नाही. घरात मीरा भिंतीकडे तोंड करून निजली होती, भाऊराव तिच्या पायाशी बसले होते. पोट तेवढं मोठं, बाकी नुसती काडी. बांगड्या हातातून गळून उशापाशी पडल्या होत्या. बावीस वर्षांच्या पोरीच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

"सोमवारपासून उतरतेय," धोंडिराम सांगत होता. "आधी तोंडावरचा तजेला गेला, मग झोप, मग उभं राहायची ताकद. दवाखान्यात नेऊन आणलं दोनदा. सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. पाणी तोंडाला लावलं की बाहेर. वाट लागलीय भंते... काय करू मी?"

"आबा," मीरा पुटपुटली. "दारात कोणी उभंय का, आबा?"

भंतेंना आपलेच शब्द आठवले. आयुष्य, कांती, सुख, बळ. सहा दिवस त्यांनी ते एका मेलेल्या बाईला दिलं होतं, आणि ते कुठून जात होतं ते समोर पडलं होतं. त्यांच्या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की अतृप्त गेलेली माणसं आपल्याच घराच्या भिंतीबाहेर उभी राहतात. त्यांच्या नावाने घरच्यांनी पुण्य द्यावं लागतं, वाटीत पाणी ओतावं लागतं. वाटी भरून वाहिली की ते पोचलं.

त्यांनी भाऊरावांना तसं सांगितलं. भाऊराव ताडकन उठले.

"भंते, छप्पन साली मी नागपूरला उभा होतो. तेहतीस वर्षांचा. श्राद्ध करणार नाय, पिंड देणार नाय, असा शब्द दिलाय. भूत-बित नसतं. आणि माझ्या सोनूला तुम्ही भूत म्हणता?"

"पिंड नको," भंते म्हणाले. "फक्त पाणी."

पाणी म्हटल्यावर त्या ताठ माणसाचे खांदेच पडले. ते पुन्हा खाली बसले.

"ऑपरेशननंतर पाणी द्यायचं नव्हतं," ते म्हणाले. "डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन दिवस ती मागत होती. शेवटच्या संध्याकाळी माझं मनगट धरलं... म्हणाली, अहो, एक घोट. मी कापूस ओला करून ओठांना लावला. नियम म्हणजे नियम. तासाभरात गेली. देऊन टाकलं असतं तर काय बिघडणार होतं, भंते?"

 भंतेंनी परात मागितली. परातीत एक छोटी पितळी वाटी ठेवली, आणि भिंतीला टेकून ते मृतांसाठीचे शब्द म्हणू लागले. इथून दिलेलं तिकडे पोचो, तिची तहान शमो, तिने इथला पाश सोडावा. धोंडिरामने तांब्या वाकवला.

एक तांब्या गेला. वाटी अर्धी.

दुसरा गेला. वाटी अर्धीच. परात कोरडी ठणठणीत.

"भंते..."

"ओत. थांबू नकोस."

पहाटे रांग लावून भरलेला हंडा अर्ध्यावर आला. पाणी कुठे जातंय हे कुणाच्या बापाला कळत नव्हतं. खोलीत फिनेलचा वास दाटला. मीराचा श्वास लांबत चालला... एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक. धोंडिराम रडत रडत ओतत होता. हंड्याचा तळ दिसला. शेवटचं तांब्याभर पाणी उरलं तेव्हा भाऊराव पुढे झाले आणि त्यांनी मुलाच्या हातातून तांब्या घेतला.

"सोने," ते म्हणाले, "घे. पी आता. चुकलो मी."

त्यांनी ओतलं. वाटी चढली, काठाला आली, थरारली आणि भरून वाहिली. पाणी परातीत पडल्याचा तो आवाज ऐकून भंतेंना भरून आलं. एवढा वेळ आवळून धरलेला जीव सैलावला. आणि त्या सुटलेल्या क्षणी त्यांची जीभ सवयीने चालून गेली. दान झालं की म्हणायचे ते शब्द तिने म्हटले. तुझं आयुष्य वाढो. कांती वाढो. सुख वाढो. बळ...

बळ म्हटल्यावर ते थांबले. पण तोवर म्हणून झालं होतं, सातव्यांदा, त्याच मेलेल्या बाईला.

मीराने डोळे उघडले.

गालांवर रंग आला होता. आठ महिन्यांचं पोट सांभाळत ती कुणाचाही आधार न घेता उठून बसली. धोंडिराम हुंदका देत तिच्याजवळ धावला.

"मीरा! मीरा, कशी हायेस गं?"

तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "धोंड्या," ती म्हणाली, "बाजूला हो रे जरा." आणि त्याच्या खांद्यावरून तिने भाऊरावांकडे बघितलं. "अहो... अजून द्या ना. घसा कोरडा पडलाय."

धोंडिराम तसाच बसून राहिला. भाऊरावांनी तांब्या खाली ठेवला. भूत-बित न मानणारा तो माणूस एकदा सुनेकडे बघे, एकदा वाटीकडे. मग त्यांनी भरलेली वाटी उचलली, तिच्या ओठांना लावली आणि लहान पोराला पाजावं तसं हळूहळू पाजू लागले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंदच म्हणावं लागलं असतं. "पी," ते म्हणत होते. "आता कोण अडवतंय तुला? पी."

भंतेंना ओरडायचं होतं. पण काय, कुठल्या भाषेत, कुणाला? त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि नजर जमिनीकडे नेली. जमिनीवरून ती दाराकडे गेली.

उंबऱ्याबाहेर, टळटळीत उन्हात, दोन अनवाणी पावलं उभी होती. पोटुशी बाईची असतात तशी सुजलेली, जोडवी बोटांत रुतलेली. पावलांना सावली नव्हती. बाहेरून कुणीतरी अगदी हळू, मोठ्या माणसांसमोर बोलावं तशा आवाजात विचारत होतं, "आबा... मी आत येऊ ना?"

भाऊरावांनी मागे वळून पाहिलं नाही. भंतेंनी मान वर केली नाही.