सरळपट्टी आणि मी
शिवणशाळेच्या जिन्यात तो मला पहिल्यांदा भेटला आणि नमस्काराच्याही आधी म्हणाला, "तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय."

कोट मी स्वतः शिवलेला. वर मी तिथली शिवणाची शिक्षिका. मी "आभारी आहे" म्हटलं, ते इतक्या गोड आवाजात की आमच्या घरातलं कुणीही दोन पायऱ्या मागे सरलं असतं. तो मात्र खूश होऊन हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडेला बारीक चुण्या पडल्या... आणि माझा राग तिथेच ढिला झाला.

तो दूर देशाहून वर्षभरासाठी कपड्यांचं कटिंग शिकवायला आला होता. आमची भाषा छान बोलायचा, पण आमचे आढेवेढे त्याच्या गावी नव्हते. शेवटच्या वर्षाचा वर्ग आम्हा दोघांकडे मिळून दिला होता. तो भर वर्गात म्हणायचा, "ही बाही चुकली. पुन्हा कर." मुली रडकुंडीला यायच्या. वर्गाने त्याचं नाव 'सरळपट्टी' ठेवलं. माझं नाव 'साखरबाई' होतं, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा न राहवून मी त्याला चहाला नेलं आणि म्हटलं की मुलं हल्ली जरा दमलेली वाटतात. त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी वर्ग लवकर सोडून दिला. मी कपाळावर हात मारला आणि खरं काय म्हणायचं होतं ते सांगितलं.

"माझ्यावर रागावलात, हे सांगायचं ना मग," तो म्हणाला.

"इतकं स्पष्ट बोलायला आमच्याकडे आधी भांडण व्हावं लागतं."

"मग भांडू या की. तुमच्याशी भांडायला आवडेल मला."

भांडलो, आणि त्यात माझंही पितळ उघडं पडलं. 'छान झालंय हं, कॉलर तेवढी एकदा बघ,' असं मी एका मुलीला म्हटलं होतं. तिने 'छान' तेवढं ऐकलं आणि वाकडी कॉलर तशीच परीक्षेला नेली. बिचारीला अख्खा कोट पुन्हा शिवावा लागला. त्यानंतर तो चुका बाजूला नेऊन सांगू लागला आणि मी 'उसव' म्हणायला शिकले. इस्त्रीच्या वाफेत, एकाच टेबलावर वाकून आम्ही कापड बेतायचो. चुकून हाताला हात लागला की दोघांच्याही कात्र्या थांबायच्या. मी त्याच्या प्रेमात पडले होते — चांगली गळ्यापर्यंत.

वर्ष संपत आलं. आणखी राहणार की परत जाणार, असं प्राचार्यांनी त्याला विचारलं. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"मी थांबावं असं तुम्हाला वाटतं?" त्याने मला विचारलं.

आणि मी काय बोलले? "तुमचा निर्णय... त्यात मी कोण सांगणारी?" तेही बोटाभोवती मोजपट्टी गुंडाळत, खाली बघत. आमच्या घरात एवढ्यावर लग्नाची तारीख ठरली असती. तो "बरं" म्हणाला आणि निघून गेला.

ताईला फोन केला, तर तिने माझीच खरडपट्टी काढली. "तो मनातलं ओळखेल म्हणून काय बसलीयेस? तुला तोंड दिलंय ना देवाने?"

शुक्रवारी मी तडक वर्गात गेले. खिडकीवर पाऊस वाजत होता. ओठांत टाचण्या धरून तो पुतळ्यावर कोट बसवत होता आणि सगळा वर्ग भोवती उभा होता. त्याला बाहेर बोलावता आलं असतं. पण बाहेर गेले असते, तर मी नक्की पावसापाण्याच्या गप्पा सुरू केल्या असत्या.

"तुम्ही जाऊ नका," मी म्हटलं. "वर्गासाठी नाही, माझ्यासाठी. माझं प्रेम आहे तुमच्यावर."

त्याने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. त्याचे कान लालेलाल झाले होते. मग खिडकीकडे बघत तो पुटपुटला, "प्राचार्य आठवडाभर विचारताहेत... पण कामाच्या गडबडीत उत्तर द्यायचं... राहूनच गेलं."

या माणसाने आजवर साधं इस्त्रीचं काम उद्यावर टाकलं नव्हतं. एवढा आडवळणाचा होकार माझ्या आईलाही जमला नसता.

मी सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. "हे आमच्या पद्धतीने झालं," मी म्हटलं. "आता तुमच्या पद्धतीने सांगा."

त्याने सांगितलं. एका दमात, माझ्या डोळ्यांत बघून.