येते

"इख कोमं, मुटी!" बॅग उचलता उचलता उल्का म्हणाली, आणि सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला! मुटी म्हणजे आई, आणि 'इख कोमं' म्हणजे 'येते'. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं. हॅम्बर्गमध्ये राहून जर्मन कितीही पक्कं झालं, तरी उंबरठ्यावर तिच्या तोंडून हेच निघायचं. आणि दर वेळी तिच्या जर्मन सासूबाई, हानेलोरं, ओरडायच्या, "ते बोलू नकोस!"

नवरा गेल्यावर याच सासूसाठी तिने कोलोनची नोकरी सोडली होती. इतकं करून मायेचा एक शब्द नाही! तिचं मन विटलं होतं. आज ती कोलोनला निघाली होती, कायमची.

किल्ली द्यायची राहिली म्हणून ती कोपऱ्यावरून परतली. घर सुनं होतं. तळघराचं दार आतून बंद, आणि आत एका लहान मुलीचा आवाज... "मुटी? आलीस का गं?"

उल्काने दाराला कान लावला. आवाज सासूबाईंचाच होता!

तिने दारावर थापा मारल्या. "आले... आले हो!" घाबरून मराठीच निघालं. कडी सरकली. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या, पाच वर्षांच्या पोरीसारख्या रडत. तिला आत ओढून त्यांनी दार लावून घेतलं.

"महायुद्धात, एकोणीसशे त्रेचाळीसच्या जुलैत, बॉम्ब पडत होते. आम्ही सगळे इथेच लपलो होतो. किमती कोट जळू नये म्हणून तो आणायला आई वर गेली. 'इख कोमं' म्हणाली... मग दारावर थाप पडली. आग आत येईल म्हणून कुणी उघडूच दिलं नाही!"

"मुटी, तुम्ही लहान होता हो..."

"ऐक! तो कोट आमचा नव्हताच. समोरच्या ज्यू बाईंना नाझींनी पकडून नेलं, तेव्हा आम्ही पडद्याआडून बघत राहिलो. पुढे त्यांचं सामान विकायला निघालं, आईने तो कोट घेतला. दाराशी आई होती की त्या बाई... अजून कळत नाही गं!"

उल्काने त्यांना छातीशी धरलं. मनातली सगळी अढी विरघळून गेली.

"येते म्हणालीस," सासूबाई पुटपुटल्या, "आणि खरंच आलीस!"

तेवढ्यात दारावर थाप पडली. घरात तर दोघींशिवाय कुणीच नव्हतं.

सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "उघड, उल्का... कुणीही असो, उघड!"

उल्काने खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि कडीला हात घातला.