दुसऱ्या बाजूचा खेळाडू

उत्तर जपानमधल्या हाचिनोहेत बर्फापेक्षा वारा जास्त छळतो. त्या दुपारी सायोने तळघराच्या जिन्यावरचा बर्फ झाडला, शटर वर सारलं आणि आधी स्टोव्हमध्ये रॉकेल भरलं. वडिलांनी काढलेलं हे गेम पार्लर आता ती एकटीच चालवत होती. चालवत होती म्हणजे काय, रोज उघडत होती आणि रोज बंद करत होती. गिऱ्हाईक म्हणाल तर एक साकुराबाआजोबा. फेरीबोटीच्या इंजिनावर जन्म काढून निवृत्त झालेला हा माणूस माजोंग या सोंगट्यांच्या खेळाच्या मशीनपाशी बसायचा, पण खेळण्यापेक्षा शेकण्यासाठीच यायचा.

"तुझ्या मशीनपेक्षा तुझा स्टोव्ह बरा, पोरी. निदान हरवत तरी नाही," असं तो रोज म्हणायचा आणि सायो रोज त्याच्यापुढे चहा नि सेंबेइची, तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांची, बशी ठेवायची.

बाकीची मशीनं ती सकाळी चालू करायची आणि रात्री बंद करायची. कोपऱ्यातलं एक मात्र कधीच बंद होत नसे. खेळाचं नाव कुरोनामी. खाली काळा समुद्र, वर एक चिमुकलं लाल विमान आणि समोरून गोळ्यांचा मारा, एवढाच खेळ. त्या काळच्या मशीनला आठवण नसते. वीज गेली की पडद्यावरची विक्रमांची नावं पुसली जातात. वरच्या ओळीत तीन अक्षरं होती. इ, सा, ओ. सायोचा धाकटा भाऊ. त्याची राख डोंगरावरच्या देवळात होती, पण सायोच्या लेखी तो इथेच होता.

त्या मशीनच्या काचेखालच्या कडेवर ती रोज सकाळी एक नाणं ठेवायची. कोणी खेळत असलं की आपलं नाणं कडेवर ठेवायचं, म्हणजे पुढची पाळी माझी, ही तिथली जुनी रीत. ज्या पार्लरमधून छत्र्या चोरीला जायच्या, तिथं कडेवरच्या नाण्याला मात्र कोणी बोट लावलेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी मेलेल्या माणसापुढे भाताची वाटी ठेवतात, सायो नाणं ठेवायची.

त्या दिवशी नुकाझावा येणार होता.

फोनवर त्याने तिला "ताई" म्हटलं होतं, जणू काही झालंच नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, जुन्या सम्राटाचा शोवा काळ संपत आला होता त्या हिवाळ्यात इसाओने कुरोनामीत देशातला सगळ्यात मोठा आकडा केला. खेळाच्या शेवटच्या टप्प्यातून, शेवटच्या समुद्रातून, पार जायची वाट त्याने स्वतः शोधून काढली होती आणि जिवलग मित्र म्हणून एकट्या नुकाझावाला दाखवली होती. नुकाझावाने विक्रमांची यादी छापणाऱ्या मासिकाला कळवलं, की या पार्लरच्या मशीनला आपोआप गोळ्या सोडणारं यंत्र चोरून बसवलंय. तसं काही नव्हतं. पण चोर सोडून संन्याशाला सुळी, इसाओचं नाव यादीतून खोडलं गेलं. गावोगावच्या पार्लरांत त्याला बसू देईनात. "तो बघा, यंत्रवाला," असं पोरं तोंडावर म्हणू लागली. फेब्रुवारीत तो बंदरावर गेला आणि सकाळी मच्छीमारांना पाण्यात सापडला. पुढच्या उन्हाळ्यात नुकाझावाने त्याच वाटेने विक्रम केला. आज जुन्या खेळांवर बोलणारा म्हणून त्याचं नाव होतं, त्याचे व्हिडिओ लाखो लोक बघत.

माणसं म्हणतात, काळ हे औषध आहे. सायोला त्याचा गुण आला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं तिचं होतं. त्याने इसाओचं नाव परत करावं, जगापुढे, स्वतःच्या तोंडाने, एवढंच तिला हवं होतं. म्हणूनच ती फोनवर गोड आवाजात "या की" म्हणाली होती.

नुकाझावा आला तो बर्फ झटकत, हसत. केस पांढरे झाले होते, आवाज मात्र तसाच होता, लोण्यासारखा. त्याने तिच्या हातात टोकियोच्या मिठाईचा डबा ठेवला, तिपाईवर कॅमेरा लावला आणि मशीनकडे वळला.

"ताई, खरंच चालू आहे हे! सगळ्या देशात चालू स्थितीतलं हे एकच उरलंय, माहितेय तुम्हाला?"

"माहितेय," सायो म्हणाली. "वरचं नावही वाचा."

त्याने वाचलं आणि नजर बाजूला घेतली. मग कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि लाल दिवा लागला.

"मंडळी, आज एकच प्रश्न," तो कॅमेऱ्याला म्हणाला. "एवढ्या वर्षांनी कुरोनामी टिकलाय का? चित्रं म्हातारी झालीत, खोटं कशाला बोलू. समुद्र म्हणजे नुसती हलणारी चादर. पण आवाज ऐका. गोळी सुटल्याचा हा आवाज आजही पोटात जातो. आणि न्याय बघा. आजचे खेळ तुमचं बोट धरून नेतात, पडलात तर उचलतात. हा उचलत नाही. पण इथं फसवणूकही नाही. तुम्ही मेलात, तर चूक तुमचीच असते."

"ऐकलंस?" साकुराबाआजोबा सेंबेइ मोडत पुटपुटला. "न्याय म्हणे."

सायोने किटली स्टोव्हवर आपटली.  न्यायाबद्दल या तोंडाने बोलावं?

नुकाझावाने खिशातलं नाणं टाकलं आणि खेळ सुरू केला. लाल विमान काळ्या पाण्यावर उठलं. हात अजून चांगला होता, हे तिलाही कबूल करावं लागलं. खेळता खेळता तो कॅमेऱ्याशी बोलत होता.

"याची एक गंमत आता कोणाला आठवत नाही. दोघं मिळून खेळताना एकाची विमानं संपली, की तो दुसऱ्याच्या शिलकीतलं एक उचलू शकतो. विचारायचं नाही, नुसतं बटण दाबायचं. कितीतरी मैत्र्या या बटणाने मोडल्यात, मंडळी. थांबा, दाखवतोच."

आणि त्याने कडेवरचं नाणं उचललं.

साकुराबाआजोबाचं तोंड उघडलं. "अहो, ते कोणाची तरी पाळी..."

सायोने त्याच्याकडे पाहून नको अशी मान हलवली. 

"रांग कुठली आता, आजोबा?" नुकाझावा हसला. "आपण तिघंच तर आहोत."

त्याला रीत ठाऊक नव्हती असं नाही. याच तळघरात, याच कडेवर नाणी ठेवत तो वाढला होता. त्याने नाणं फटीत सोडलं. ते पडल्याचा आवाज जरा उशिराच आला, खोल विहिरीत पडल्यासारखा. मग त्याने दुसऱ्या बाजूच्या बटणाकडे हात नेला. हात पोचायच्या आत बटण आपोआप खाली गेलं.

पाण्यातून निळं विमान वर आलं.

"ताई, मागून काही केलंत का?"

"मी इथे स्टोव्हपाशी आहे."

"मशीन जुनं झालंय," तो कॅमेऱ्याला म्हणाला, पण त्या आवाजातलं लोणी जरा आटलं होतं.

निळं विमान गोळ्या झाडत नव्हतं. पडद्याच्या डाव्या कडेला, किनाऱ्याला अंग घासत ते पुढे चाललं होतं. मोठं जहाज येण्याआधी ते दोनदा थरथरलं. इसाओची ती खोड होती. मोठा शत्रू आला, की त्याचं मनगट असंच उडायचं. सायोचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी भाऊ समोर खेळत होता, आणि तिला आनंद झाला, भीती नाही.

नुकाझावानेही ओळखलं. त्याची मान ताठ झाली. पण तो उठला नाही. कॅमेरा चालू होता आणि खेळ असा रंगला होता की हात सोडवेना.

मग निळं विमान सरळ गोळीवर जाऊन आदळलं. पुन्हा वर आलं, पुन्हा आदळलं. आपली सगळी विमानं त्याने अशी घालवली. दुसऱ्या बाजूचं बटण खाली गेलं आणि नुकाझावाच्या शिलकीतलं एक लाल विमान पडद्याच्या कोपऱ्यातून नाहीसं झालं.

"स्टोव्ह... जरा वाढवता का, ताई? बोटं गार पडलीत."

स्टोव्ह लालबुंद होता. साकुराबाआजोबाने तर अंगातला स्वेटर काढून ठेवला होता.

निळं विमान पुन्हा आदळलं. बटण पुन्हा खाली गेलं. आता नुकाझावाच्या तोंडातून वाफ निघू लागली. तळघरात रॉकेलच्या वासावर दुसरा एक वास चढला, हिवाळ्यातल्या बंदराचा. खारट, शेवाळाचा, ओल्या दोरखंडांचा. फरशी कोरडी होती, तरी सायोच्या तळव्यांना ओल लागली.

"हात सुटत नाही," नुकाझावा हळू म्हणाला. "दांडीवरून... हात सुटत नाही माझा. ताई, बंद करा हे."

सायो मशीनच्या मागे गेली आणि तिने भिंतीतल्या प्लगवर हात ठेवला. इथून तिला पडदा बाजूने दिसत होता आणि त्याचा चेहराही. ओठ जांभळे पडले होते.

"आधी बोला," ती म्हणाली.

"काय... काय बोलू?"

"कॅमेरा चालू आहे. तुम्हाला ठाऊक आहे काय ते."

आणखी एक विमान गेलं. नुकाझावाने कॅमेऱ्याकडे मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही. तेव्हा तो पडद्याकडे बघूनच बोलला. "यंत्र नव्हतं. कधीच नव्हतं. इसाओने... नुसत्या हाताने केलं होतं ते. मी खोटं कळवलं. ती वाट त्याची होती. माझी नाही. माझं काहीच नव्हतं त्यात." शब्दाशब्दाला दात वाजत होते. "झालं ना, ताई? बोललो ना मी..."

झालं होतं. एवढ्याचसाठी ती इतकी वर्षं थांबली होती. आता प्लग ओढला की काम संपलं. पण प्लग ओढला की वरच्या ओळीतली ती तीन अक्षरंही जाणार होती. आणि किनाऱ्याला अंग घासत चाललेलं ते निळं विमान जाणार होतं. आत्ताच तर आला होता इसाओ. आणि खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. नुकाझावाचे जांभळे ओठ बघून तिला बरं वाटत होतं. बंदरावरून आणलेल्या इसाओचे ओठ असेच होते.

"बंद कर, पोरी," साकुराबाआजोबा उठायची धडपड करत म्हणाला. गुडघ्यांनी त्याला साथ दिली नाही. "बोलला ना तो. बास झालं."

"अजून एक आहे त्याच्याकडे," सायो म्हणाली.

तिने हात मागे घेतला.

निळं विमान शांतपणे गोळीवर गेलं. बटण खाली गेलं. शेवटचं लाल विमान उचललं गेलं आणि नुकाझावाचं कपाळ काचेवर टेकलं, झोप लागलेल्या माणसासारखं. त्याचा हात दांडीवरून आपोआप सुटला.

निळं विमान एकटंच पुढे निघालं. दांडी जागची हलत नव्हती, पण शेवटचा समुद्र उलगडत होता, तीच वाट, तीच वळणं. सायो पुढे येऊन उभी राहिली. आकडा चढत चढत इसाओच्या आकड्यापुढे गेला. खेळ संपला, संगीत थांबलं आणि पडद्याने नाव विचारलं.

अक्षरं फिरू लागली. अ. इ.

"थांब," सायो पुटपुटली. "इ. तिथेच थांब, इसाओ."

इ मागे पडली. अक्षरं सावकाश फिरत राहिली आणि सा वर थांबली. मग यो. तिसऱ्या जागी काही उमटलं नाही, ती कोरीच राहिली.

"हे तर... तुझं नाव आहे," साकुराबाआजोबा म्हणाला. तो भिंत धरधरून तिथवर आला होता. त्याने सायोकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरला. "तू तर दांडीला हातसुद्धा लावला नाहीस."

सायोला मात्र लगेच कळलं, आणि कळलं तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. दुसऱ्याच्या कामावर इसाओने जन्मात कधी आपलं नाव घातलं नव्हतं. त्याने विमानं उचलली होती. पण शेवटचं विमान उरलेलं असताना प्लगवर हात कोणाचा होता आणि तो कोणी मागे घेतला, ते त्याने पाहिलं होतं.

तिने मागे धावत जाऊन प्लग ओढला. पडदा विझला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कोपऱ्यात अंधार झाला, आणि इसाओची ओळ त्या अंधारात गेली. ती वायर हातात धरून फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली.

रुग्णवाहिका आली. दोन माणसं होती. एकाने नुकाझावाची नाडी पाहिली, मान हलवली आणि मग आपले हात स्टोव्हवर धरून बराच वेळ चोळले. "एवढा गार कसा पडला हा? दार तर लावलेलं होतं ना?"  कॅमेऱ्याचा लाल दिवा अजून चालू होता.

दुसरा जरा तरुण होता. अशी मशीनं त्याने पाहिली नसावीत. तो वाकून विझलेल्या काचेत बघत होता. वर्षानुवर्षं एकच चित्र राहिलं की काच ते धरून ठेवते, वीज नसली तरी अक्षरांचा फिकट डाग दिसतो. हे सायोला ठाऊक होतं. म्हणून तिने मान वर केली. निदान एवढं तरी उरलं असेल, असं तिला वाटलं.

"पहिल्या ओळीत एक नाव आहे, दुसरीतही तेच, तिसरीतही," तो तरुण बोट फिरवत म्हणाला. "खालपर्यंत तेच. सायो म्हणजे कोण हो?"