एका अंगातल्या दोघी

आई कोण, हे आता थुंकी ठरवत होती. सुईणीची साक्ष गेली, शेजारणींची गेली. नळीत थुंकायचं, यंत्र जनुकं वाचायचं. जनुकं म्हणजे अंगाच्या कणाकणात लिहिलेलं, आईबापाकडून आलेलं घडणीचं टिपण. मग थुंकीदाखला हाती यायचा. त्याच्यावाचून वारसा मिळेना, की अवयव देता येईना.

गोजराबाई कोळेकरला तो दाखला लेकीसाठी हवा होता. शेवंताची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. मशीनवर रक्त धुऊन धुऊन पोर पिवळी पडली होती. डॉक्टरांनी दोन आठवडे दिले होते. मूत्रपिंड द्यायचं तर आईबापानं किंवा भावंडानं, असा कायदा. बाप वारलेला, भावंड नाही. राहिली गोजराबाई. दोनशे मेंढरं आणि अख्खी वाडी एका आवाजात हाकणारी बाई. नळीत थुंकतानाही तिनं शिपायाला सोडलं नव्हतं. "आई हाय का म्हून इचारतोस व्हय रं? माण नदीच्या वाळूत एकलीच बाळंत झाले मी, नाळ इळ्यानं तोडली. तवा तुजा सायब कुठं हुता?"

निकाल आला. आई नाही.

पोर कुठून आणली, असं विचारायला पोलीस येऊन गेला.

मग जनुकं वाचणाऱ्या डॉक्टर निखत मुजावर आल्या. त्यांनी कातडीचा तुकडा नेला, रक्त नेलं, लांब सुईनं पोटातलंही थोडं थोडं काढून नेलं. आठव्या दिवशी त्यांनी तिला शेवंताच्या वॉर्डातल्या पडद्याआड बसवलं.

"मावशी,"

"मावशी मावशी काय लावलंस? काय ते बोल."

"आता कागदही तेच म्हणतोय. शेवंताच्या तुम्ही मावशी लागता."

गोजराबाई कागदावर वाकली.

"तुमच्या आईच्या पोटात आधी दोघी होत्या," डॉक्टर म्हणाल्या. "जुळ्या. मुगाच्या दाण्याएवढ्याही नव्हत्या, तेव्हाच एकमेकींत मिसळल्या. जन्मली एकच बाई. अशा माणसाला आम्ही जोडजीव म्हणतो. काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचं एकच घोंगडं विणावं, तसं. थुंकी, रक्त, कातडी तुमची. अंडाशय त्या दुसरीचं. शेवंता तिच्या बीजातली."

"आन् मूत्रपिंड?"

"तेही तिचंच. म्हणून तर शेवंताला छान जुळतंय."

"मग काढ की."

"ज्याचं मूत्रपिंड, त्याची सही लागते."

गोजराबाई हसली. डॉक्टर हसल्या नाहीत.

तोड एकच होती. ज्याला सही करता येत नाही, त्याच्या वतीनं सख्ख्या नातलगानं करायची. पण मग वर लिहून द्यायचं, की शेवंताची आई ती, मी फक्त बहीण. एकदा लिहिलं की ते कधीच पुसायचं नाही. शेवंताच्या प्रत्येक कागदावर तेच येणार.

"आईचं नाव काय लिहू?" डॉक्टरांनी विचारलं.

"बारसं कुणी केलंय तिचं?" गोजराबाई म्हणाली. "माय मरो, मावशी उरो म्हंत्यात. हितं माय मेलीबी न्हाई. जल्मलीच न्हाई सटवी."

तिनं पेन ओढून घेतलं आणि सही केली. अक्षरं वाकडी आली. मग ती त्याच हाताकडं बघत राहिली, उलटा, सुलटा.

"डोकं कुणाचंय?"

"ते तपासलं नाही, मावशी. कवटीला भोक पाडावं लागेल. मिसळलेलं असणार बहुतेक."

"म्हंजी इतकी वर्सं बोलतंय कोण? पोरीवरची माया कुणाची?"

डॉक्टरांनी कागद गोळा केले.

पडद्यापलीकडून शेवंतानं हाक मारली. "आई."

गोजराबाईनं ओठ गच्च मिटून धरले. कोण ओ देतंय, ते तिला ऐकायचं होतं.

मिटल्या ओठांआतून ओ आलीच. आवाज हुबेहूब तिच्यासारखा होता.