मागच्या खोलीतला राऊटर

रविवारी दुपारी जेवणं उरकली आणि ती राऊटर घेऊन बसली. अर्ध्या तासाचं काम आहे, असं भावाने सांगितलं होतं. भावाचा अर्धा तास किती लांबतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तरी तिने विश्वास ठेवला, कारण तिची सुट्टी त्याच दिवशी संपत होती.

ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. नऊला हजर व्हायचं. आईला सांभाळणाऱ्या बाई यायच्या अकराला. मधले दोन तास आई एकटी, आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दीड महिना झालेला. एकटीने उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुन्हा पडल्या तर पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत, असंही म्हणाले होते. आईने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. ती ऐकायची फक्त लेकीचं, तेही लेक ओरडली तर. म्हणून मागच्या खोलीत बोलता येणारा कॅमेरा आणला होता. लॅबमधून फोनवर बघायचं, आई उठायला लागली की तिथूनच दरडावायचं. पण हॉलमधल्या राऊटरचं वायफाय त्या खोलीपर्यंत पोचता पोचत नव्हतं. त्यासाठी हा दुसरा, भावाने स्वतःकडचा जुना पाठवलेला.

तिने केबल भिंतीच्या कडेने नेली, दोन ठिकाणी कपाट सरकवलं, कंबर धरली. मग हॉलमध्ये लॅपटॉप उघडून भावाला फोन लावला.

"ताई, सोपं आहे. जुन्या राऊटरच्या आयपी पत्त्यात शेवटी एक आहे ना? नव्याला शेवटी दोन दे."

तिने दोन दिला. पत्ता आधीच वापरात आहे, असं पडद्यावर आलं.

"मग तीन दे."

तीनही वापरात. चार, पाच, वीस, शंभर. सगळीकडे तोच नन्नाचा पाढा.

"घरात आहे तरी कोण कोण?" भावाने विचारलं.

"मी आणि आई! आणखी कोण असणार? तुझा हा डबाच बिघडलाय. तुला नको झाला तेव्हा मला चिकटवलास."

"अगं, माझ्याकडे नीट चालत होता…"

शेवटी एकशे सत्तावनला कुठे राऊटरने मान डोलावली. तोवर चहाची वेळ टळून गेली होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण कॅमेरा लागला. फोनवर आईची खोली दिसली, पलंग दिसला, भिंतीकडे तोंड करून पडलेली आई दिसली. तिला हायसं वाटलं.

"आता कोण कोण जोडलंय ती यादी बघ," भाऊ म्हणाला.

यादीत तिचा फोन होता, लॅपटॉप होता, कॅमेरा होता. आणि चौथं काहीतरी होतं, त्याला नाव नव्हतं.

"शेजारचं कुणीतरी फुकटात घुसलंय. ब्लॉक कर."

तिने केलं. त्याच क्षणी मागच्या खोलीतून आईचा आवाज आला.

"अगं, बोलता बोलता गप्प का झालीस?"

"मी फोनवर बोलतेय, आई! तुझ्याशी नाही!"

आई काहीतरी पुटपुटली. इकडे कॅमेराही बंद पडला होता. तिने राऊटर बंद करून चालू केला, पासवर्ड बदलला, कॅमेरा नव्याने जोडला. कॅमेरा यादीत आला, आणि त्याच्या पाठोपाठ ते चौथंही आलं. नवा पासवर्ड तिने अजून भावालासुद्धा सांगितला नव्हता.

पुन्हा ब्लॉक केलं. पुन्हा कॅमेरा मेला.

"परत गेलीस का गं?" आतून आई म्हणाली. या वेळी जरा हळू.

तिने पाच वेळा करून बघितलं. ते गेलं की कॅमेरा जायचा, ते आलं की यायचा. भावाने हात टेकले. "असं होत नाही, ताई. म्हणजे… व्हायला नको. पुढच्या आठवड्यात येऊन बघतो."

"आणि उद्या? उद्या आईला कुणाच्या भरवशावर टाकू?"

तिने डोळे चोळले. नाव नसलेल्या त्या ओळीकडे बघितलं. शेजारचा कुणी सिनेमा बघत असेल, बघेना का बापडा! असू दे मेलं, असं म्हणून तिने स्वतःच्या हाताने त्याला मोकळं केलं. लगेच पडद्यावर आई दिसली. आता ती कुशीवर वळून कॅमेऱ्याकडे बघत होती आणि हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

सोमवारी सव्वानऊला लॅबमध्ये नमुन्यांच्या नळ्या मशीनमध्ये लावून तिने हातमोजे काढले आणि फोन उघडला.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. पाय खाली सोडून चपला चाचपत होती.

"थांब गं, उठतेय ना," आई म्हणत होती. "किती घाई करशील?"

तिने अजून बोलायचं बटण दाबलंही नव्हतं. आता घाईने दाबलं.

"आई! उठू नकोस! आडवी हो आधी!"

आईने दचकून कॅमेऱ्याकडे बघितलं. मग दाराकडे. मग पुन्हा कॅमेऱ्याकडे. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"एकदा म्हणतेस ये, एकदा म्हणतेस झोप. वैताग आणलाय नुसता."

"आई, मी नाही म्हटलं ये… आई, ऐक… मी लॅबमध्ये आहे…"

"लॅबमध्ये कशी असशील? ही काय, दारात तर उभी आहेस."

कॅमेऱ्यात दार दिसत होतं. दारात कुणी नव्हतं. आईने त्या बाजूला हात पुढे केला आणि ती उठली. वॉकर न घेता, न कण्हता, ऑपरेशनच्या आधीसुद्धा उठत नव्हती इतकी सहज. तिचा कोपर कुणीतरी आधाराला धरावा तसा किंचित वर उचलला गेला होता.

इकडे लेक बटण दाबून ओरडत राहिली. लॅबमधले सगळे वळून बघायला लागले. आई चौकटीपर्यंत गेली, चौकटीच्या पलीकडे गेली, दिसेनाशी झाली. रिकामा पलंग तेवढा उरला. आणि फोनमधून अगदी जवळून लेकीला स्वतःचाच आवाज आला, आईला सांभाळून नेताना लागतो तसा, थोडा वैतागलेला, थोडा मायेचा:

"सावकाश हं, आई… इथून पायऱ्या आहेत. बऱ्याच आहेत."

त्या घरात एकही पायरी नव्हती.